पुरवणी मागण्या मतदानाआधी समितीपुढे ठेवा : विधिमंडळ सदस्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
मा. सभापती, महाराष्ट्र विधानपरिषद,
आणि दोन्ही सभागृहांचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : पुरवणी मागण्यांची मतदानापूर्वी समितीमार्फत तपासणी होण्याबाबत.

महोदय,

दरवर्षी डिसेंबर लागला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये रंगरंगोटी सुरू होते, आमदार निवासाच्या खोल्या उघडतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांचे कठडे येऊन पडतात. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका येतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, नुकसानभरपाईची वाट पाहणारे शेतकरी येतात. यातल्या बहुतेकांची मागणी शेवटी पैशापाशी येऊन थांबते. हे लोक रस्त्यावर बसलेले असतात त्याच दिवसांत, तिथून पायी थोड्याच अंतरावर असलेल्या विधानभवनात राज्याच्या तिजोरीतून आणखी हजारो कोटी रुपये काढण्याची परवानगी आपण देत असता. त्या परवानगीला पुरवणी मागण्या म्हणतात. ती देण्यापूर्वी आपण काय पाहता आणि काय पाहण्याची सोय आपल्याला उपलब्धच नाही, यासंबंधी हे पत्र आहे.

मी राज्य शासनाच्या लेखा शाखेत चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी विदर्भातल्या जिल्ह्यांत गेली. माझा कोणत्याही पक्षाशी संबंध नाही आणि हे पत्र कोणत्याही एका सरकारवर टीका करण्यासाठी लिहिलेले नाही. मी ज्या पद्धतीबद्दल लिहितो आहे ती सर्व पक्षांच्या सरकारांनी वापरली आहे आणि सर्व पक्षांच्या विरोधकांनी चालवून घेतली आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो, अनुच्छेद २०३ नुसार विधानसभा खात्यांच्या मागण्यांवर मतदान करते आणि अनुच्छेद २०४ नुसार तो पैसा तिजोरीतून काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक मंजूर होते. त्यानंतर वर्षात एखाद्या कामासाठी मंजूर रक्कम अपुरी पडली, किंवा अर्थसंकल्पात विचारच न केलेल्या एखाद्या नव्या सेवेवर खर्च करण्याची गरज उभी राहिली, तर अनुच्छेद २०५ नुसार पुरवणी मागणी आणता येते. घटनाकारांनी हे दार मुद्दाम ठेवले आहे. अतिवृष्टी, पूर, साथीचा रोग, न्यायालयाचा आदेश, केंद्राकडून वर्षाच्या मध्यात मंजूर झालेल्या योजनेचा राज्याचा हिस्सा, या गोष्टी मार्चमध्ये कुणालाही अचूक सांगता येत नाहीत. म्हणून पुरवणी मागणी ही मुळात वाईट गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. चौतीस वर्षांत मी स्वतः असे कितीतरी प्रस्ताव तयार केले आहेत आणि त्यांतले बरेचसे अगदी रास्त होते.

अडचण आकाराची आहे आणि वेळेची आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ५२,३२७ कोटी रुपयांच्या, २०२३ मध्ये सुमारे ५५,५२० कोटींच्या, २०२४ मध्ये सुमारे ३५,७८८ कोटींच्या आणि २०२५ मध्ये सुमारे ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. चारही डिसेंबर मिळून ही रक्कम २ लाख १८ हजार कोटींच्या वर जाते. हे झाले फक्त हिवाळ्याचे. पावसाळी अधिवेशनातल्या मागण्या वेगळ्या असतात. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या मागण्या आल्या. लोकसभा निवडणुकीमुळे त्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला होता आणि ९ जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, या मागण्या सभागृहात ठेवल्या गेल्या. अकरा दिवसांत राज्यात असे काय घडले की ज्याचा अंदाज २८ जूनला करता आला नसता, हा प्रश्न कोणत्याही योजनेला विरोध न करताही विचारता येतो. तो विचारायला हवा होता तिथे, म्हणजे कागद समोर ठेवून सचिवांकडून उत्तर घेता येईल अशा बैठकीत, तो विचारला गेला नाही, कारण अशी बैठक आपल्या पद्धतीत नाही.

२०२५-२६ चा मूळ अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. त्या वर्षी जूनअखेर सुमारे ५७,५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये ७५,२८६ कोटींच्या मागण्या आल्या. बेरीज १,३२,७९५ कोटी होते, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या सुमारे १९ टक्के. यातला काही भाग पुस्तकी समायोजनाचा, म्हणजे केवळ हिशेबातल्या नोंदींचा, असतो आणि तिजोरीवर पडणारा निव्वळ भार एकूण आकड्यापेक्षा कमी असतो, हे मला ठाऊक आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण निव्वळ किती आणि पुस्तकी किती, हे प्रत्येक खात्याच्या बाबतीत तपासून घेण्याचे काम तरी कुणी करते का?

मागण्या अधिवेशनाच्या सुरुवातीलाच मांडल्या जातात. सदस्यांच्या हाती जाडजूड पुस्तक पडते. दोनेक दिवस चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, आवाजी मतदानाने मागण्या मंजूर होतात आणि पाठोपाठ पुरवणी विनियोजन विधेयक येते. २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांचे होते आणि २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर असे सात दिवसांचे. त्याच दिवसांत प्रश्नोत्तरे, लक्षवेधी, विधेयके आणि राजकीय गदारोळही असतो. वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. त्याला सभागृहात गिलोटिन म्हणतात.

प्रेक्षक गॅलरीत बसून ही चर्चा मी ऐकली आहे. सदस्य कळकळीने बोलतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण बोलणे बहुधा आपल्या मतदारसंघातला रस्ता, आपल्याकडचे धरण, आपल्याकडच्या रुग्णालयातल्या रिक्त जागा यांवर होते. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम २१६ सांगतो की पुरवणी मागणीवरील चर्चा त्या मागणीतल्या बाबींपुरतीच असावी, मूळ अनुदान किंवा त्यामागचे धोरण यांकडे ती जाऊ नये. तत्त्व योग्य आहे. पण मागणीतल्या बाबींपुरते बोलायचे तर त्या बाबी वाचायला हव्यात, आणि एका सदस्याने ते पुस्तक एका रात्रीत वाचून काढावे ही अपेक्षा रास्त नाही. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला स्वतःला, लेखाशीर्षांची (हिशेबात खर्चाच्या प्रत्येक बाबीला दिलेल्या शीर्षकांची) भाषा चौतीस वर्षे हाताळूनही, एका मोठ्या खात्याची पाने नीट लावायला दोन दिवस लागतात.

त्या पुस्तकात प्रत्येक मागणीखाली एक स्पष्टीकरण असते. ते बहुतेक वेळा एका वाक्याचे असते. अमुक योजनेसाठी अर्थसंकल्पात केलेली तरतूद अपुरी असल्याने अतिरिक्त तरतूद आवश्यक आहे, एवढेच. तरतूद का अपुरी पडली, मूळ रकमेपैकी आजवर किती खर्च झाली, काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि नवी रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्च होऊ शकेल का, यांपैकी एकाचेही उत्तर त्या वाक्यात नसते. ही उत्तरे शासनाकडे नसतात असे मुळीच नाही. क्षेत्रीय कार्यालये आठमाही सुधारित अंदाज पाठवतात. बीम्स या राज्य शासनाच्या संगणकीय निधी वितरण प्रणालीवर कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम वितरित झाली आणि किती खर्ची पडली हे दररोज दिसते. माहिती मंत्रालयात असते. ती सभागृहाच्या टेबलावर येत नाही.

एक उदाहरण सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी विदर्भातल्या एका जिल्हा कार्यालयात होतो. आमच्या अखत्यारीत मुलींचे एक शासकीय वसतिगृह होते. त्याच्या वरच्या मजल्याचे छत गळत होते आणि पाण्याच्या टाकीला तडे गेले होते. पावसाळ्यात गृहपाल बाई मुलींच्या खाटा भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यभागी आणत आणि दोन खाटांच्या मध्ये बादली ठेवत. आम्ही अंदाजपत्रकासह प्रस्ताव पाठवला. रक्कम फार मोठी नव्हती. डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत ती इतर पुष्कळ कामांबरोबर एका लेखाशीर्षाखाली मंजूर झाली. आम्हाला आनंद झाला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. निधी वितरणाचा आदेश आमच्या हाती पडला तो मार्चच्या २७ तारखेला. वर्ष संपायला उरलेल्या दिवसांतले दोन सुटीचे होते. निविदा नाही, कार्यादेश नाही, आणि ३१ मार्चला रात्री कोषागाराच्या खिडकीवर टोकनसाठी रांग लागलेली. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. काम न होता रक्कम काढून कुठेतरी ठेवणे, जे नियमबाह्य आहे आणि तरीही जे पुष्कळ ठिकाणी होते, किंवा रक्कम समर्पित करणे, म्हणजे न खर्चता शासनाला परत करणे. मी समर्पित केली. जूनमध्ये पाऊस आला आणि खाटा पुन्हा खोलीच्या मध्यभागी गेल्या.

पुढे लेखापरीक्षणात अशा न खर्चलेल्या रकमांची नोंद 'अनावश्यक पुरवणी तरतूद' अशी होते. लेखापरीक्षकाच्या बाजूने ते बरोबरच आहे, कारण मूळ तरतूदच पुरेशी खर्च झालेली नसताना वर आणखी रक्कम मागितली गेली होती. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील अहवालात अर्थसंकल्पीय व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण देतात आणि त्यात अशा तरतुदींचा उल्लेख येत राहतो. कुठे पुरवणी मागणी मंजूर होऊनही वर्षाचा खर्च मूळ तरतुदीपर्यंतही पोचलेला नसतो, तर कुठे उलट मंजुरीपेक्षा जास्त खर्च होऊन तो अनुच्छेद २०५ खाली नियमित करून घ्यावा लागतो. या नोंदी झालेल्या खर्चाची तपासणी करणाऱ्या आपल्याच लोकलेखा समितीपुढे जातात, समिती विभागाच्या सचिवांची साक्ष घेते, आणि तोवर बहुधा वर्षे उलटलेली असतात. ज्या सचिवांनी मागणी केली ते बदलून गेलेले असतात, कधी निवृत्त झालेले असतात. पण वसतिगृहाची गरज अनावश्यक नव्हती. अनावश्यक ठरली ती मार्चच्या शेवटी पोचलेली रक्कम. 'हे पैसे मार्चपूर्वी जिल्ह्यात पोचतील का आणि कोणत्या तारखेला?' हा एक प्रश्न डिसेंबरमध्ये सचिवांना समोर बसवून कुणी विचारला असता, तर माझी खात्री आहे की वितरणाचा आदेश जानेवारीत निघाला असता.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. जो प्रश्न आपण आज तीन-चार वर्षांनी लोकलेखा समितीत विचारता, तो मतदानाआधी विचारण्याची जागा निर्माण करा.

अशी जागा इतरत्र आहे. कॅनडाची संसदही आपल्यासारखीच ब्रिटिश पद्धतीवर चालते. तिथे पुरवणी अंदाज, म्हणजे आपल्याकडच्या पुरवणी मागण्या, वर्षातून साधारण तीनदा येतात आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली असतात. हाऊस ऑफ कॉमन्सच्या स्थायी आदेशानुसार पुरवणी अंदाज मांडले जाताच ते आपोआप संबंधित स्थायी समित्यांकडे जातात. आरोग्याची मागणी आरोग्य समितीकडे, संरक्षणाची संरक्षण समितीकडे. मंत्री आणि खात्याचे वरिष्ठ अधिकारी समितीपुढे येऊन उत्तरे देतात. समिती मागणी मान्य करू शकते, कमी करू शकते किंवा नाकारू शकते. वाढवू शकत नाही. संसदेचे स्वतंत्र अर्थसंकल्प अधिकारी कार्यालय पुरवणी अंदाजांचे विश्लेषण सदस्यांच्या हाती देते. शासकीय कामकाज आणि अंदाज यांसाठी २००२ पासून एक वेगळी समिती आहे, ती एकाहून अधिक खात्यांवर पसरलेल्या खर्चाकडे पाहते. तिथल्या संसदीय वर्षातला निधी मंजुरीचा एक कालखंड १० डिसेंबरला संपतो. म्हणजे आपण नागपुरात ज्या आठवड्यात पुस्तक उघडतो, साधारण त्याच आठवड्यात तिथल्या समित्या आपले काम संपवून मतदानाला मोकळ्या झालेल्या असतात.

कॅनडाची पद्धत निर्दोष आहे असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. समितीने ठरलेल्या मुदतीत अहवाल दिला नाही तर तो दिला असे मानले जाते आणि मागण्या सभागृहात परत येतात. त्यामुळे कामचुकार समितीला सोपी पळवाट मिळते आणि पुष्कळ मागण्या कुणीही न वाचता पुढे सरकतात, अशी तक्रार तिथलेच अभ्यासक आणि खासदार करतात. आपण ही पद्धत घ्याल तेव्हा ही पळवाट बंद करून घ्या. मुदत ठेवावी लागेल, नाहीतर सरकारचे काम अडेल. पण ज्या खात्याची मागणी समितीने तपासली नाही त्याचे नाव अध्यक्षांनी मतदानापूर्वी सभागृहात वाचून दाखवावे आणि ते कामकाजाच्या नोंदीत राहावे, एवढे बंधन पुरेसे ठरेल असे मला वाटते.

ब्रिटनमध्ये प्रत्येक खाते पुरवणी अंदाजाबरोबर त्या खात्यावर देखरेख करणाऱ्या खासदारांच्या समितीला (सिलेक्ट कमिटी) एक स्पष्टीकरणात्मक टिपण पाठवते. कोणती रक्कम का वाढली, कुठून कुठे वळवली, हे त्यात साध्या भाषेत लिहावे लागते. आपण कायद्यात किंवा नियमांत काहीच बदलले नाही आणि फक्त असे टिपण सक्तीचे केले, तरी आजच्या एका वाक्याच्या स्पष्टीकरणापेक्षा ते पुष्कळ पुढचे पाऊल ठरेल.

आपल्याच देशातले उदाहरण हवे असेल तर केरळ आहे. तिथल्या विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, आणि अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चेनंतर सभागृहाचे कामकाज थांबवून खात्यांच्या मागण्या त्यांच्याकडे तपासणीसाठी जातात. संसदेत १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. सुरुवातीला त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात आणि वार्षिक मागण्यांचा त्या अभ्यास करतात. आपल्याकडे अंदाज समिती आहे आणि तिने खर्चात काटकसर सुचवावी अशी अपेक्षा आहे, पण मागण्यांचे मतदान तिच्या अहवालासाठी थांबत नाही. पुरवणी मागण्यांच्या बाबतीत तर ती वाटेत येतच नाही.

हा बदल करण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ ने सभागृहाला आपले नियम करण्याचा अधिकार दिला आहे आणि अनुच्छेद २०९ ने वित्तीय कामकाज वेळेत पूर्ण व्हावे म्हणून कायद्याने पद्धत ठरवण्याची मुभा दिली आहे. मागणी कमी करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार विधानसभेला अनुच्छेद २०३ ने आधीच दिलेला आहे. समिती त्या अधिकाराला माहितीचा आधार देईल. विधानपरिषदेला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही, पण तिच्यात शिक्षक, पदवीधर आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असतात. त्यांचा अनुभव आज चर्चेतल्या भाषणापुरता उरतो. संयुक्त समितीत तो कामाला येईल.

प्रत्यक्षात हे कसे व्हावे याबद्दल मी एक सुचवणी करतो. पुरवणी मागण्यांचे पुस्तक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी न देता किमान दहा दिवस आधी सदस्यांना आणि समितीला द्यावे. मागण्या अधिवेशनाच्या आदल्या दिवसापर्यंत तयारच होत नाहीत, हे मला पटत नाही. प्रस्ताव ऑक्टोबरपासून वित्त विभागाकडे जमत असतात हे मी स्वतःच्या सहीने पाठवलेल्या कागदांवरून सांगू शकतो. समितीने खात्यांचे गट करून, सर्वांत मोठ्या मागण्यांच्या खात्यांपासून सुरुवात करून, सचिवांची साक्ष घ्यावी. बैठका मुंबईत आधी घेता येतील, आणि नागपुरात सभागृह बसण्यापूर्वी सकाळी दोन तास घेता येतील. हवेत सचिव ना? अधिवेशन काळात ते नागपुरातच असतात. प्रत्येक मागणीसाठी चार गोष्टी विचाराव्यात. मार्चमध्ये हे का कळले नाही? मूळ तरतुदीपैकी आजवर किती खर्च झाले? हे पैसे ३१ मार्चपूर्वी कुणाच्या हाती आणि कधी पोचतील? आणि पुढच्या वर्षी या कामाचा किती बोजा राहणार आहे? उत्तरे एका पानावर छापून मतदानाच्या आदल्या दिवशी सभागृहात ठेवावीत.

या चौथ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो सर्वांत कमी विचारला जातो. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात काही मागण्या हजार रुपयांच्या असतात. नवख्या वाचकाला त्या क्षुल्लक वाटतात आणि नजर पुढच्या शेकडो कोटींच्या आकड्याकडे जाते. पण ही नाममात्र रक्कम बहुधा एखाद्या नव्या बाबीचे दार उघडण्यासाठी मागितलेली असते. खर्च त्याच अनुदानातल्या बचतीतून पुनर्विनियोजन करून भागवायचा असतो, सभागृहाची संमती मात्र नव्या सेवेसाठी लागते. म्हणून हजार रुपये. सभागृहाने ते मंजूर केले की योजना उभी राहते आणि पुढच्या दहा वर्षांच्या अर्थसंकल्पात तिचा खर्च येत राहतो. बांधकामांच्या यादीतही हेच होते. कामाची एकूण किंमत मोठी, यंदाची तरतूद अगदी थोडी, आणि प्रशासकीय मान्यता मिळून काम सुरू झाले की उरलेली देयके पुढच्या वर्षांच्या डोक्यावर. थकीत देयकांसाठी राज्यभरातल्या कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली, त्याची मुळे बऱ्याच अंशी इथे आहेत. समितीने मोठ्या आकड्यांइतकेच लक्ष या हजार रुपयांच्या ओळींकडे द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घाईचे काय, असे आपण विचाराल. अतिवृष्टीने पीक गेलेल्या शेतकऱ्याने समितीच्या अहवालाची वाट पाहायची का? मुळीच नाही. त्यासाठी अनुच्छेद २६७ खाली आकस्मिकता निधी आहे. त्यातून आगाऊ रक्कम काढून मदत लगेच देता येते आणि नंतर पुरवणी मागणीने ती भरून काढता येते. खरोखर निकडीच्या मागण्या वेगळ्या काढून समितीने त्या पहिल्याच दिवशी पाहाव्यात. पण निकडीच्या मदतीच्या आडोशाने त्याच पुस्तकात ज्या इतर बाबी येतात, त्यांना तीन दिवस थांबवल्याने कुणाचे पीक बुडणार नाही. आणि शेतकऱ्याच्या मदतीलाही तिसरा प्रश्न लागू आहेच. रक्कम मंजूर झाली, पण खात्यावर कधी जमा होणार, हे विचारणारे कुणी असेल तर त्याचा फायदा सर्वांत आधी त्यालाच होईल.

नागपूरकर म्हणून आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाच्या वाट्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी यावा आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरावे, अशी बोली होती. १९६० पासून अधिवेशन भरते आहे. कोरोनाच्या काळातली दोन वर्षे सोडली तर अलीकडे त्यात खंड पडलेला नाही. पण त्याच अधिवेशनात मंजूर होणाऱ्या पुरवणी मागण्यांपैकी किती रक्कम विदर्भात, किती मराठवाड्यात आणि किती उर्वरित महाराष्ट्रात जाणार, हे पुस्तकात सलग कुठे सापडत नाही. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हापासून तर हा हिशेब मागणारी ठरावीक जागाही उरलेली नाही. समितीने प्रदेशनिहाय विभागणी मागितली तर ती प्रत्येक भागातल्या सदस्यांच्या उपयोगाची ठरेल, केवळ आमच्या नव्हे. गळणारी वसतिगृहे कोकणातही आहेत आणि खान्देशातही.

सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांना समितीची भीती वाटण्याचे कारण नाही. समितीत बहुमत त्यांचेच असेल. मंत्र्यांनाही ती उपकारक ठरेल, कारण खात्याने केलेल्या ढिसाळ अंदाजाची जबाबदारी आज सभागृहात एकट्या मंत्र्यांवर येते. आपल्याला उद्या समितीपुढे साक्ष द्यायची आहे हे ज्या अधिकाऱ्याला ठाऊक असते, तो प्रस्तावावर सही करण्यापूर्वी एकदा तरी बीम्स उघडून शिल्लक पाहतो. मी त्या खुर्चीत बसलो आहे. लेखापरीक्षणाच्या पथकाची तारीख ठरली की कार्यालयातल्या नोंदवह्या कशा लागतात, हे मी दरवर्षी पाहिले आहे.

तेव्हा माझी मा. अध्यक्ष आणि मा. सभापती यांना नम्र विनंती आहे की हा विषय आपण नियम समितीपुढे ठेवावा, आणि नियमांत बदल होईपर्यंत येत्या हिवाळी अधिवेशनात किमान तीन खात्यांच्या पुरवणी मागण्या, आपण निवडाल त्या, मतदानापूर्वी अंदाज समितीकडे प्रयोग म्हणून पाठवाव्यात. सर्व सदस्यांना विनंती आहे की पुस्तक हाती आले की आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या कामाची ओळ त्यात शोधावी आणि मंत्र्यांना लेखी विचारावे की हे पैसे कोणत्या तारखेला पोचतील. मिळालेली तारीख कृपया जपून ठेवावी. मार्चमध्ये मी आणि माझ्यासारखे आणखी काही निवृत्त सहकारी ती बीम्सवरच्या वितरणाशी ताडून पाहण्यास आणि आपल्याला कळवण्यास विनामोबदला तयार आहोत.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखा अधिकारी
नागपूर